शुश्रूषा शिकवून गरिबी हटते का?

इंग्लंडमधील लिव्हरपूल शहरात, ब्राउनलो हिल या भागात, एकोणिसाव्या शतकात एक प्रचंड 'वर्कहाऊस' होते. ज्यांना पोट भरण्याचे दुसरे साधन उरलेले नाही अशा माणसांना सरकारी मदत हवी असेल, तर त्यांनी घरदार सोडून येथे येऊन राहायचे, नेमून दिलेले काम करायचे आणि मिळेल ते खायचे, अशी ही व्यवस्था होती. १८३४ च्या गरिबांविषयीच्या कायद्याने ती पक्की केली. त्या कायद्यामागचे तत्त्व स्पष्ट होते. मदत घेणाऱ्याची स्थिती बाहेरच्या सर्वांत गरीब मजुरापेक्षाही वाईट असली पाहिजे, नाहीतर लोक कामधंदा सोडून आत येतील. प्रत्यक्षात आत आलेल्यांमध्ये धडधाकट माणसे थोडी होती. म्हातारी, आजारी व अपंग माणसे आणि अनाथ मुले यांचाच भरणा जास्त होता. त्यामुळे वर्कहाऊसला जोडून दवाखाना चालवणे भाग पडले. ब्राउनलो हिलच्या दवाखान्यात बाराशेच्या आसपास रुग्ण असत.

या रुग्णांची शुश्रूषा कोणी करायची? पगारी परिचारिका ठेवल्या तर करदात्यांच्या पैशाला झळ लागणार. म्हणून आश्रित बायकांपैकीच काहींना हे काम सांगितले जाई. त्यांतल्या अनेक जणी वयस्क असत. कित्येकींना औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठीही वाचता येत नसे. मोबदला म्हणून थोडे जास्त अन्न, चहा, बिअर किंवा जिन मिळे. १८६४ च्या डिसेंबरात लंडनच्या होल्बर्न वर्कहाऊसमधल्या हेळसांडीने टिमथी डेली नावाचा मजूर मरण पावला आणि वर्तमानपत्रांत ओरड झाली. 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकाने १८६५ साली वर्कहाऊसच्या दवाखान्यांची पाहणी सुरू केली, ती या पार्श्वभूमीवर.

त्याच वर्षी लिव्हरपूलला एक नवा प्रयोग सुरू झाला. विल्यम रॅथबोन या व्यापाऱ्याने तीन वर्षांचा खर्च उचलण्याचे कबूल केले. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या शाळेत शिकलेल्या बारा परिचारिका आणि त्यांच्या प्रमुख म्हणून अ‍ॅग्नेस जोन्स ब्राउनलो हिलला आल्या. या प्रयोगाचा एक भाग आपल्या विषयाशी थेट जोडलेला आहे. आश्रित स्त्रियांपैकी धडधाकट अशा पन्नासहून अधिक जणी निवडायच्या, त्यांना प्रशिक्षित परिचारिकांच्या हाताखाली काम शिकवायचे आणि थोडा पगारही द्यायचा, असे ठरले होते. सार्वजनिक मदतीवर जगणाऱ्या माणसांना आरोग्यसेवेतले काम शिकवून पायांवर उभे करायचे, ही कल्पना इतकी जुनी आहे.

हा भाग फसला. काही महिन्यांतच त्यांतल्या बऱ्याच जणींना दारूपायी काढून टाकावे लागले. प्रशिक्षित परिचारिकांचे काम मात्र इतके उठून दिसले, की खर्चाची जबाबदारी स्थानिक मंडळाने स्वतःकडे घेतली.  फेब्रुवारी १८६८ मध्ये, वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, तेथेच टायफसच्या तापाने अ‍ॅग्नेस जोन्स यांचा मृत्यू झाला. प्रयोगातून लोकांनी जो निष्कर्ष काढला तो असा, की आश्रित बायका परिचारिका होऊ शकत नाहीत. पुढे १८९७ च्या सरकारी आदेशाने वर्कहाऊसमधल्या आश्रितांना परिचारिकेचे काम देण्यावर बंदी आली.

रुग्णांच्या दृष्टीने ही बंदी योग्यच होती. पण निष्कर्षाकडे जरा शास्त्राच्या विद्यार्थ्याच्या नजरेने पाहू. या बायका शिकत असताना राहत होत्या वर्कहाऊसमध्येच. त्यांच्या अंगावरचा 'आश्रित' हा शिक्का तसाच होता. पगार नाममात्र होता. वर्षानुवर्षे जिथे कामाचा मोबदलाच दारूच्या रूपात मिळत आला होता, तिथे त्यांना दारूपासून दूर राहण्यास सांगितले जात होते. म्हणजे प्रयोगात दोन गोष्टी एकत्र मिसळलेल्या होत्या: शिकणारी व्यक्ती आणि तिला देऊ केलेले काम. अपयश आले तेव्हा त्याचे सगळे माप व्यक्तीच्या पदरात घातले गेले, कामाची तपासणी झालीच नाही. पुढच्या दीडशे वर्षांत हीच चूक पुन्हा पुन्हा झाली. ती दुरुस्त करण्याचे साधनही हळूहळू हाती आले. ही कथा मुख्यतः अमेरिकेत घडते.

मंदीच्या काळातल्या मदतनीस

१९२९ नंतरच्या महामंदीत अमेरिकेत कोट्यवधी लोक बेकार झाले. १९३५ साली तेथे दोन महत्त्वाच्या गोष्टी घडल्या. सामाजिक सुरक्षा कायदा झाला आणि त्यात, घरात कमावता पुरुष नसलेल्या कुटुंबातील मुलांसाठी मासिक मदतीची योजना आली. दुसरीकडे बेकारांना सरकारी खर्चाने काम देणारी 'वर्क्स प्रोग्रेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन' ही यंत्रणा उभी राहिली. पुरुषांना रस्ते, पूल, शाळा बांधण्याची कामे मिळाली. मदतीच्या यादीवरच्या स्त्रियांना काय काम द्यायचे? शिवणकाम हे एक उत्तर होते. दुसरे उत्तर असे निघाले, की ज्या गरीब घरात आई आजारी आहे किंवा म्हातारे माणूस अंथरुणाला खिळले आहे, अशा घरी जाऊन स्वयंपाक, स्वच्छता आणि रुग्णाची देखभाल करायची. त्यासाठी त्यांना थोडे प्रशिक्षण दिले जाई.

आपल्या शहरांत 'ब्यूरोची बाई' म्हणून जे काम ओळखले जाते, त्याच्याशी याचे बरेच साम्य आहे. या कामावर कृष्णवर्णीय स्त्रियांची संख्या मोठी होती, कारण श्रीमंतांच्या घरची धुणीभांडी करण्याचे काम त्यांच्याकडे आधीपासूनच होते. योजनेचा हेतू दुहेरी होता. मदतीवरच्या स्त्रीला रोजगार मिळावा आणि आजारी माणसाला इस्पितळात ठेवण्याचा खर्च वाचावा. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर बेकारी ओसरली आणि १९४३ मध्ये ही यंत्रणा बंद झाली. पण एक समजूत मागे राहिली. आजाऱ्याची देखभाल हे बाईमाणसाला जन्मतःच येणारे काम आहे, ते शिकवायला फारसा वेळ लागत नाही आणि म्हणून त्याला फारसा पगारही लागत नाही, ही ती समजूत.

शिडीची कल्पना

१९६५ हे वर्ष या इतिहासात महत्त्वाचे आहे. त्या वर्षी अमेरिकेत वृद्धांसाठी 'मेडिकेअर' आणि गरिबांसाठी 'मेडिकेड' या सरकारी आरोग्ययोजनांचा कायदा झाला. इस्पितळांकडे पैसा येऊ लागला आणि माणसांची मागणी वाढली. त्याच वर्षी आर्थर पर्ल आणि फ्रँक रीसमन यांचे 'न्यू करिअर्स फॉर द पुअर' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते: डॉक्टर, परिचारिका, शिक्षक यांच्या कामाचे तुकडे पाडा. त्यांतले जे तुकडे कमी शिक्षणात जमतील, ते वस्तीतल्या गरीब माणसांना द्या. आधी नोकरी द्या, मग नोकरी करता करता शिकवा. आणि मुख्य म्हणजे पहिल्या पायरीवरून वर जाण्याचा रस्ता मोकळा ठेवा. आजची मदतनीस उद्या परिचारिका झाली पाहिजे. पुढच्याच वर्षी काँग्रेस सदस्य जेम्स शूअर यांनी सुचवलेल्या दुरुस्तीने या कल्पनेला कायद्यात आणि अंदाजपत्रकात जागा मिळाली.

न्यूयॉर्क शहरातल्या दक्षिण ब्राँक्स या अत्यंत गरीब भागात लिंकन हॉस्पिटलने ही कल्पना प्रत्यक्षात आणली. १९६५ च्या आरंभी त्यांनी रस्त्यावरच्या एका दुकानाच्या गाळ्यात मानसिक आरोग्य केंद्र उघडले. तेथे वस्तीतलीच माणसे मदतनीस म्हणून नेमली. येणाऱ्यांची भाषा, भाड्याच्या खोल्यांचे तंटे, मदत कचेरीतले हेलपाटे, सगळे त्यांना ठाऊक होते. दारावर डॉक्टरची पाटी पाहून जे लोक आत शिरले नसते, ते या माणसांकडे मोकळेपणाने येऊ लागले. गरिबीचा अनुभव हेच येथे एक प्रकारचे ज्ञान ठरले. ब्राउनलो हिलच्या निष्कर्षाला हे चांगले उत्तर होते.

परंतु शिडीच्या वरच्या पायऱ्या जोडल्या गेल्या नाहीत. परिचारिका किंवा समाजकार्यकर्ता होण्यासाठी परवाने लागतात, पदव्या लागतात आणि त्या देणाऱ्या संस्था नोकरीतला अनुभव मोजायला तयार नव्हत्या. केंद्रातल्या मदतनिसांना दिसू लागले, की आपण पाच वर्षांनंतरही पहिल्याच पायरीवर असू. मार्च १९६९ मध्ये लिंकन हॉस्पिटलच्या मानसिक आरोग्य विभागातील या कर्मचाऱ्यांनी विभागाचा ताबा घेतला. विभागाचा कारभार वस्तीच्या हाती असावा ही त्यांची मागणी होती आणि अडलेल्या बढतीची नाराजी त्यामागे होती. माणसे शिकली होती, काम उत्तम करत होती. अडचण नोकरीच्या रचनेत होती.

जादा तासांचा दाखला

येथवर आपण पाहिलेल्या सगळ्या प्रयोगांत एक मोठी त्रुटी आहे. प्रशिक्षणाने नेमका किती फरक पडला, हे त्यांतून कळत नाही. शिक्षकांना हा प्रश्न परिचयाचा आहे. समजा, एखाद्या शाळेने दहावीच्या मुलांसाठी सकाळी सहा वाजता गणिताचे जादा तास ठेवले. ज्यांना यायचे त्यांनी यावे, सक्ती नाही. निकालात दिसले, की जादा तासांना येणारी बहुतेक मुले उत्तीर्ण झाली. हे श्रेय तासांचे का? सकाळी सहाला उठून येणारी मुले मुळातच मनापासून अभ्यास करणारी असणार. ती तासांशिवायही उत्तीर्ण झाली असती. तासांचा परिणाम जाणून घ्यायचा असेल, तर तुलना करण्यासाठी दुसरा गट हवा. तो गट पहिल्यासारखाच, तितकाच उत्सुक हवा.

असा गट मिळवण्याचा सर्वांत साधा मार्ग चिठ्ठ्या टाकण्याचा. तासांना यायला उत्सुक असलेल्या सगळ्यांची नावे घ्यायची, चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना प्रवेश द्यायचा आणि उरलेल्यांची नुसती नोंद ठेवायची. दोन्ही गट मोठे असले तर हुशारी, चिकाटी, घरची परिस्थिती हे सगळे दोन्हीकडे सरासरीने सारखे वाटले जाते. मग शेवटी दिसणारा फरक तासांचाच मानता येतो. वैद्यकशास्त्रात या पद्धतीचा पाया क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीने घातला, असे मानतात. १९४८ साली तिचे निष्कर्ष ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाले. समाजकल्याणाच्या योजनांना ती लावण्यास आणखी वीस-पंचवीस वर्षे गेली.

१९८० च्या एका कायद्याने अमेरिकेत आपल्या विषयासाठी अशी चाचणी घेण्याची सोय झाली. आर्कान्सा, केंटकी, न्यू जर्सी, न्यूयॉर्क, ओहायो, साउथ कॅरोलायना आणि टेक्सस या सात राज्यांनी त्यात भाग घेतला. १९८३ पासून, मुलांसाठीच्या मासिक मदतीवर जगणाऱ्या आणि या कामात रस दाखवणाऱ्या नऊ हजारांहून अधिक व्यक्तींची नावे घेण्यात आली. त्यांत जवळजवळ सगळ्या स्त्रिया होत्या. चिठ्ठ्यांच्या तत्त्वाने त्यांचे दोन गट पाडले. एका गटाला घरी जाऊन रुग्णाची देखभाल करण्याचे काही आठवड्यांचे प्रशिक्षण आणि त्यानंतर जास्तीत जास्त एक वर्ष सरकारी अनुदानाची नोकरी मिळाली. दुसऱ्या गटाला यांपैकी काही मिळाले नाही, पण इतरत्र काम शोधायला त्या मोकळ्या होत्या.

अनुदानाची नोकरी संपल्यानंतरही पहिल्या गटाची कमाई सातांपैकी बहुतेक राज्यांत दुसऱ्या गटापेक्षा जास्त राहिली. मदतीवर जगणारी स्त्री शिकू शकते आणि शिकलेले काम टिकवू शकते, हे आता मताने नव्हे तर मोजमापाने सिद्ध झाले. एकशे वीस वर्षांपूर्वी लिव्हरपूलला काढलेला निष्कर्ष येथे खोटा ठरला.

याच चाचणीने आणखी एक भ्रम दूर केला. घरी देखभाल मिळाल्याने वृद्धांचे वृद्धाश्रमात जाणे टळेल आणि त्यातून सरकारचा पैसा वाचेल, अशी आशा होती. म्हणून ज्यांची देखभाल व्हायची त्या रुग्णांचेही दोन गट पाडून तुलना केली होती. रुग्णांना बरे वाटले, त्यांचे जगणे सुसह्य झाले, पण खर्च वाचला नाही. ज्यांना घरी मदत मिळाली, त्यांच्यापैकी बहुतेक जण तसेही वृद्धाश्रमात जाणार नव्हते. एकाच प्रयोगातून एक आशा खरी ठरावी आणि दुसरी खोटी, हे चांगल्या प्रयोगाचे लक्षण आहे.

कमाई वाढली, पण कितीवर?

'कमाई वाढली' या शब्दांत एक सापळा आहे. शंभराचे सव्वाशे झाले तरी वाढच म्हणायची. पण सव्वाशेत घर चालते का, हा प्रश्न वेगळा आहे. घरी जाऊन देखभाल करणाऱ्या मदतनिसाचा पगार अमेरिकेत इतका कमी राहिला, की नोकरी करूनही अनेक जणी अन्नाच्या कुपनांवर आणि मेडिकेडवर अवलंबून राहिल्या. मदतीच्या एका यादीतून नाव निघाले आणि दुसरीत राहिले.

पगार कमी का? याची दोन कारणे कागदोपत्री सापडतात. पहिले कारण कायद्यातले आहे. किमान वेतन आणि जादा कामाचा मोबदला ठरवणारा अमेरिकेचा मूळ कायदा १९३८ चा. त्यात घरकामगार नव्हते. १९७४ मध्ये त्यांचा समावेश झाला, पण वृद्ध व अपंग माणसांना 'सोबत' करणाऱ्यांना वगळले. पुढच्या वर्षी झालेल्या नियमांनी ही सूट कंपन्यांमार्फत काम करणाऱ्या मदतनिसांनाही लावली. शेजारच्या आजींजवळ तासभर बसणारी मुलगी आणि आठवड्याला साठ-सत्तर तास रुग्णाला उचलणारी, न्हाऊमाखू घालणारी कामगार स्त्री, दोघी कायद्याच्या दृष्टीने एकच झाल्या. एव्हलिन कोक या न्यूयॉर्कमधल्या मदतनीस स्त्रीने याविरुद्ध दाद मागितली. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तिच्या विरुद्ध निकाल दिला. नियम बदलण्याचा अधिकार सरकारचा आहे, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. सरकारने २०१३ मध्ये नियम बदलला आणि तो २०१५ पासून अमलात आला, पण कोक तोवर हयात नव्हत्या. २०२५ मध्ये तोच नियम मागे घेण्याचा प्रस्ताव सरकारने मांडला.

दुसरे कारण हिशेबाचे आहे. घरच्या घरी मिळणाऱ्या दीर्घकाळच्या देखभालीचा सर्वांत मोठा खर्च मेडिकेड उचलते. म्हणजे या कामाचा दर एका अर्थाने सरकारच ठरवते. दर कमी ठेवला की आरोग्य खात्याची बचत होते आणि कमी पगारामुळे त्याच कामगार स्त्रीला अन्नासाठी जी मदत द्यावी लागते, ती दुसऱ्या खात्यात खर्ची पडते. ज्या तिजोरीतून तिच्या प्रशिक्षणाचा खर्च झाला, तिच्यातूनच ती पुन्हा मदत घेत राहते. कितीही चांगले प्रशिक्षण दिले तरी हा हिशेब त्याने बदलत नाही.

बदल दुसऱ्या टोकाकडून होऊ शकतो, हे दक्षिण ब्राँक्समध्येच दिसले. १९८५ साली रिक सर्पिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'कोऑपरेटिव्ह होम केअर असोसिएट्स' ही कंपनी सुरू केली. महाराष्ट्रातील वाचकांना सहकारी संस्थेची कल्पना समजावून सांगायला नको. येथे मदतनीस स्त्रियाच कंपनीच्या भागधारक आणि मालक झाल्या. सुरुवात डझनभर कामगारांपासून झाली. प्रशिक्षण मोफत होते. शिकायला येणाऱ्या अनेक जणी सरकारी मदतीवर होत्या. पण लक्ष प्रशिक्षणाच्या पुढच्या टप्प्यावर होते. आठवड्याला पुरेसे तास काम मिळावे, संचालक मंडळावर कामगार असावेत, नफा झाला तर वाटा मिळावा. ही कंपनी पुढे सुमारे दोन हजार कामगारांपर्यंत वाढली आणि अमेरिकेतील कामगारांच्या मालकीची सर्वांत मोठी सहकारी संस्था म्हणून ओळखली गेली. या धंद्यात नोकरी सोडून जाण्याचे प्रमाण फार असते, या कंपनीत ते बरेच कमी राहिले. मात्र मेडिकेडचा दर तिच्याही हातात नव्हता, त्यामुळे पगाराचे छप्पर तिलाही फार उंच करता आले नाही.

बारा महिन्यांची मर्यादा

१९९६ मध्ये अमेरिकेने मदतीचा कायदाच बदलला. मुलांसाठीची जुनी मदत बंद करून नवी तात्पुरती मदत आली. केंद्र सरकारच्या पैशातून ती एका कुटुंबाला आयुष्यात साधारणतः पाच वर्षेच मिळू शकते. भर 'आधी काम' या घोषणेवर होता. मदत घेणाऱ्याने आठवड्याला ठरावीक तास काम करायचे. व्यवसाय-शिक्षण हे 'काम' म्हणून धरले जाईल, पण जास्तीत जास्त बारा महिने. आता नोकऱ्यांचा पट पाहा. वृद्धाश्रमातील किंवा घरच्या मदतनिसासाठी केंद्रीय नियमांप्रमाणे किमान पंचाहत्तर तासांचे प्रशिक्षण पुरते. खालच्या श्रेणीच्या परवानाधारक परिचारिकेला सुमारे एक वर्ष लागते. नोंदणीकृत परिचारिकेला निदान दोन वर्षे लागतात. म्हणजे कुटुंब नीट चालेल असा पगार जेथे सुरू होतो, त्या पायरीच्या आधीच कायद्याची मुदत संपते. अशा नियमामुळे लोक आपोआप सर्वांत छोट्या अभ्यासक्रमाकडे वळतात.

२०१० च्या आरोग्यसुधारणा कायद्यात या प्रश्नावर मोठी तरतूद झाली. मदतीवरच्या आणि इतर गरीब व्यक्तींना आरोग्यसेवेतील व्यवसाय शिकवण्यासाठी वर्षाला साडेआठ कोटी डॉलर ठेवण्यात आले. देशभरातील बत्तीस संस्थांना अनुदाने मिळाली. १९६५ ची शिडीची कल्पना येथे पुन्हा अवतरली: छोट्या अभ्यासक्रमापासून सुरुवात करा, नोकरी धरा, मग पुढचे शिका. सोबत फी, प्रवासखर्च, पाळणाघर यांसाठी साहाय्य. तेरा हजारांहून अधिक व्यक्तींवर चिठ्ठ्यांच्या पद्धतीने याची तपासणी झाली आणि अनेक वर्षे नोंदी ठेवल्या गेल्या. प्रशिक्षण पुरे करणाऱ्यांचे प्रमाण वाढले. आरोग्यसेवेत नोकरी करणाऱ्यांचे प्रमाणही वाढले. पण कमाईत, तीन वर्षांनी पाहिले तरी आणि सहा वर्षांनी पाहिले तरी, नोंद घ्यावी असा फरक आढळला नाही.

यावरून 'प्रशिक्षणाचा उपयोग नाही' असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण तपशील पाहावा लागतो. दुसऱ्या गटातल्या बऱ्याच जणांनी आपापल्या मार्गाने दुसरीकडे प्रशिक्षण घेतलेच होते, त्यामुळे तुलना 'प्रशिक्षण' आणि 'काहीच नाही' यांच्यात राहिली नव्हती. शिवाय पहिल्या गटातील सर्वाधिक लोक मदतनिसाच्या छोट्या अभ्यासक्रमाकडेच गेले आणि त्यापुढच्या पायरीवर थोडेच पोचले. कमी पगाराच्या एका नोकरीऐवजी कमी पगाराची दुसरी नोकरी मिळाली, तर कमाई तेवढीच राहणार.

या तर्काची परीक्षा घेणारा एक लहान प्रयोग टेक्सस राज्यातील सॅन अँटोनियो शहरात झाला. तेथील चर्च आणि वस्ती-संघटनांच्या पुढाकाराने १९९२ मध्ये 'प्रोजेक्ट क्वेस्ट' सुरू झाला होता. तो गरीब प्रौढांना शहरातल्या महाविद्यालयांत मुख्यतः परिचारिकेसारखे परवान्याचे, एक ते तीन वर्षांचे अभ्यासक्रम करायला लावतो. दर आठवड्याला समुपदेशकासोबत बैठक होते, गरजेला फी आणि प्रवासखर्चाची मदत मिळते. २००६ ते २००८ या काळात आरोग्य व्यवसायांसाठी आलेल्या सुमारे चारशे जणांचे चिठ्ठ्यांच्या पद्धतीने दोन गट पाडले. पहिल्या वर्षी क्वेस्टच्या गटाची कमाई दुसऱ्या गटापेक्षा कमी होती. साहजिक आहे, ते शिकत होते. नवव्या वर्षी मात्र त्यांची वार्षिक कमाई सुमारे पाच हजार डॉलरनी जास्त होती. हा प्रयोग लहान आहे, त्यात शालान्त शिक्षण झालेलेच लोक घेतले होते आणि सगळे सरकारी मदतीवर नव्हते. तरीही त्याचा इशारा स्पष्ट आहे. पहिल्याच वर्षी मोजमाप करून निकाल लावला असता, तर ही योजना तोट्याची म्हणून बंद पडली असती.

इतिहासातून काय घ्यावे?

१८६५ ते आजपर्यंतचा हा प्रवास एका प्रश्नाभोवती फिरत राहिला: मदतीवर जगणारी बाई हे काम शिकू शकेल का? ती शिकू शकते, हे सात राज्यांच्या चाचणीनंतर तरी वादाचे राहू नये. ज्या प्रश्नाकडे कमी लक्ष गेले तो असा, की तिला शिकवलेले काम तिचे घर चालवू शकेल का? त्याचे उत्तर वर्गात ठरत नाही. ते मेडिकेडच्या दरपत्रकात, किमान वेतनाच्या नियमात आणि बारा महिन्यांच्या मर्यादेत ठरते. चांगला अभ्यासक्रम आखणाऱ्या शिक्षकाला हे कबूल करणे जड जाते, पण कबूल केले नाही तर अपयशाचे खापर पुन्हा शिकणाऱ्याच्याच डोक्यावर फुटते.

वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांबरोबर या विषयावर एक तास घेता येईल. 'आमच्या संस्थेत शिकलेल्यांपैकी नव्वद टक्के उमेदवारांना नोकरी' अशी एखादी जाहिरात मुलांनाच शोधून आणायला सांगावी आणि फळ्यावर चार प्रश्न लिहावेत. या उमेदवारांची निवड कशी झाली होती? ते येथे शिकले नसते, तर त्यांच्यापैकी किती जणांना नोकरी मिळाली असती? नोकरीचा पगार किती आणि त्यात चार माणसांचे घर चालते का? ही मोजणी अभ्यासक्रम संपल्यावर किती वर्षांनी केली? मुले पहिल्या प्रश्नाची उत्तरे भराभर देतात. दुसऱ्याशी ती अडतात, आणि तिथे थोडा वेळ त्यांना अडू द्यावे.